मोदक, सर्व्हर आणि काकूंची एफडी

‘स्केलेबल’ हा शब्द सध्या प्रत्येक स्टार्टअपवाल्याच्या तोंडी असतो. पण स्केल नेमकं कशाचं करायचं? माझ्या मैत्रिणीला या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते थेट गणपतीच्या आदल्या रात्री!

१८ सप्टेंबर २०२३. रात्रीचे साडेनऊ. सहकारनगरातल्या एका टू बीएचकेमध्ये सहा बायका नारळ खवतायत, गूळ चिरतायत, वेलदोड्याचा घमघमाट सुटलाय. उद्या गणेश चतुर्थी. मी मस्तपैकी वही-पेन घेऊन सोफ्यावर. ‘घरगुती बिझनेस गोज हायटेक’ टाइप एक छान छान स्टोरी करायची होती मला.

माझी ही मैत्रीण शाळेपासूनची. हिंजवडीतली नोकरी सोडून तिने आईच्या हातच्या उकडीच्या मोदकांचा बिझनेस सुरू केला. आधी सगळं व्हॉट्सअॅप आणि एका दोनशेपानी वहीवर चालायचं. मग ‘आता स्केल करायचं’ असं ठरलं आणि तिने एका एजन्सीकडून अॅप बनवून घेतलं. काकूंची साडेचार लाखांची एफडी मोडून.

त्या रात्री आठ वाजता एका फूडवालीने मोदकांची रील टाकली. पुढच्या तासाभरात ऑर्डर्स धडाधड यायला लागल्या. आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवत होतो! आणि मग मैत्रिणीचा चेहरा उतरला.

‘‘अगं, आपल्याकडे २१ मोदकांचे ७० बॉक्स होणार आहेत. इथे ९६ विकले गेलेत.’’

अॅप पडलं नव्हतं, बरं का. अॅप एकदम झकास चालू होतं. पडणार होत्या त्या काकू.

पाच मिनिटांचा घोळ

झालं होतं काय, तर ‘किती बॉक्स उरले’ हा आकडा अॅप दर वेळी खऱ्या डेटाबेसला विचारत नव्हतं. स्पीड वाढावा म्हणून त्याची एक कॉपी जवळ ठेवलेली होती आणि ती दर पाच मिनिटांनी अपडेट व्हायची. इंजिनिअर मंडळी याला कॅश म्हणतात. एरवी पाच मिनिटांत एखादी ऑर्डर यायची, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. रील आल्यावर मात्र त्या पाच मिनिटांत संपलेले बॉक्स ‘शिल्लक’ दिसत राहिले आणि लोक पैसे भरत राहिले.

काकूंनी काहीही न बोलता पदर खोचला आणि वाढीव तांदूळपिठी मागवली. पहाटे पाचपर्यंत त्या सगळ्याजणींनी जीव तोडून नऊ बॉक्स जास्तीचे केले. उरलेल्या १७ घरांना काकूंनी स्वतः फोन केला. एक आजोबा एवढंच म्हणाले, ‘‘अहो, आता देवापुढे काय ठेवू मी?’’ त्या फोननंतर काकू बराच वेळ गॅलरीत उभ्या होत्या. माझी वही तशीच कोरी राहिली.

मोठ्यांचंही असंच होतं!

वाटतं, मोठ्या कंपन्यांकडे पैसा असतो, त्यांचं असं होत नसेल. चूक! ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टचा पहिला ‘बिग बिलियन डे’ झाला, आठवतोय? साइट अडखळली, लोक जाम वैतागले आणि दुसऱ्या दिवशी सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. जवळपास पाच हजार सर्व्हर लावले होते, वीसपट गर्दीची तयारी केली होती, असं त्यांनी त्यात लिहिलं होतं. आणि एकच वस्तू त्याच क्षणी एकाहून जास्त जणांना विकली गेल्याने काही ऑर्डर्स रद्द कराव्या लागल्या, हेही कबूल केलं होतं. म्हणजे आमच्या सहकारनगरात झालं तेच, फक्त आकडे मोठे.

याउलट इन्स्टाग्राम. तारीख पुन्हा ६ ऑक्टोबरच, पण साल २०१०. केविन सिस्ट्रोम आणि माइक क्रीगर ही दोनच माणसं आणि लॉस एंजेलिसमधला एक साधासा सर्व्हर. पहिल्याच दिवशी २५ हजार लोक आले आणि सर्व्हरने मान टाकली. मग त्यांनी सगळं अॅमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवलं. पण जँगो, पोस्टग्रेस असली नेहमीचीच, वापरून वापरून पक्की झालेली साधनं त्यांनी सोडली नाहीत. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने एक अब्ज डॉलरला त्यांना विकत घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा कंपनीत होती जेमतेम १३ माणसं! आधी साधं ठेवा आणि जिथे गळतंय तिथेच बुजवा, हा त्यांचा फंडा.

एकच प्रश्न

गणपती गेल्यावर मैत्रीण आपल्या जुन्या टीम लीडकडे गेली. त्यांनी अॅपचा नकाशा पाहिला. लॉगिनचा वेगळा प्रोग्रॅम, मेनूचा वेगळा, पेमेंटचा वेगळा, असे तब्बल अकरा. दरमहा सर्व्हरचं भाडं २८ हजार. ‘उद्या एक लाख युझर आले तर?’ असं म्हणत एजन्सीने हा सगळा डोलारा उभा केलेला.

सरांनी शांतपणे विचारलं, ‘‘एका सकाळी तुमच्याकडे जास्तीत जास्त किती मोदक होतात?’’

वर्षभरात हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. एजन्सीने नाही, मैत्रिणीने नाही आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

मोदकपात्राचं गणित

मग सगळं नव्याने मांडलं. अकरा प्रोग्रॅमच्या जागी एक साधी वेबसाइट, एक डेटाबेस, मुंबईतल्या डेटा सेंटरमधला भाड्याचा एक सर्व्हर. गर्दी वाढली तर? सर काकूंना समजेल असं बोलले: आधी मोठं मोदकपात्र आणायचं, म्हणजे जास्त ताकदीचा सर्व्हर घ्यायचा. ते पुरेनासं झालं की शेगडीवर दुसरं पात्र चढवायचं, म्हणजे शेजारी दुसरा सर्व्हर लावायचा. पण त्यासाठी एक पथ्य पहिल्या दिवसापासून पाळायचं. गिऱ्हाईकाची अर्धवट ऑर्डर सर्व्हरच्या पोटात ठेवायची नाही, डेटाबेसमध्ये ठेवायची. तरच उद्या कुठलाही सर्व्हर कुठल्याही गिऱ्हाईकाला हाताळू शकतो.

बॉक्सचा आकडा आता फक्त डेटाबेसच सांगतो. ‘शिल्लक असेल तरच एक कमी कर’ हे एकाच हुकमात होतं. आधी बघायचं आणि मग कमी करायचं, अशा दोन पायऱ्या केल्या की मधल्या क्षणात दुसरा कुणी घुसलाच म्हणून समजा. तुम्ही ‘ऑर्डर’ दाबलं की बॉक्स दहा मिनिटं तुमच्या नावावर राहतो, पैसे नाही भरले तर परत शिलकीत.

पेमेंट गेटवे ‘पैसे आले’ हा निरोप कधी कधी दोनदा पाठवतो. म्हणून प्रत्येक ऑर्डरला एकच नंबर, तो परत आला तर दुर्लक्ष. मोदकांचे फोटो सर्व्हरवरून न देता सीडीएनवरून, म्हणजे गिऱ्हाईकाच्या जवळच्या ठिकाणाहून. कन्फर्मेशनचा मेसेज मागाहून रांगेने जातो, त्याच्यासाठी ऑर्डर अडून राहत नाही.

आणि बॅकअप! तो रोज होतो एवढं पुरेसं नाही, दोस्तहो. एका रविवारी त्या बॅकअपवरून सगळी साइट रिकाम्या मशीनवर उभी करून पाहिली. पहिल्या प्रयत्नात नाही झाली. बरं झालं, रविवारीच कळलं.

सगळ्यात मोठा धक्का मात्र टेक्निकल नव्हताच. वेबसाइटचं नाव, क्लाउडचं खातं, कोड, सगळं एजन्सीच्या नावावर! ते सोडवून घेण्यात दोन महिने गेले. तुम्ही उद्या असं काही करणार असाल, तर पहिल्या दिवशी हे तिन्ही स्वतःच्या नावावर करून घ्या. आणि बिल ठरावीक रकमेच्या पुढे गेलं की मेल येईल, अशी सोयही लगेच करा. क्लाउड भाड्याने मिळतो खरा, पण मीटर रिक्षासारखा पळतो.

खरं स्केल

७ सप्टेंबर २०२४. पुन्हा चतुर्थी. या वेळी बॉक्स ११०. हे चाळीस बॉक्स कुठल्याही सर्व्हरने वाढवले नव्हते. समोरच्या बिल्डिंगमधल्या दोघींना काकूंनी श्रावणभर कळ्या पाडायला शिकवलं होतं आणि त्यांच्यातल्या एकीच्या ओट्यावर दुसरं किचन सुरू झालं होतं. सर्व्हरचं महिन्याचं भाडं आता तीन हजारांच्या आत.

आदल्या रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी साइटवर पाटी लागली, ‘या वर्षीचे मोदक संपले’. त्यानंतरही लोक येतच राहिले, पाटी वाचून परत गेले. एकाचाही पैसा अडकला नाही.

एफडी अजून पूर्ण भरून आलेली नव्हती. त्याला आणखी दोन गणपती लागतील, असा मैत्रिणीचा हिशोब होता. मी त्या रात्री पुन्हा सोफ्यावर, वही घेऊन. काकू हात पुसत बाहेर आल्या, लॅपटॉपवरची पाटी वाचली आणि लेकीला म्हणाल्या, ‘‘त्याला ‘नाही’ म्हणायला शिकवलंस ना, ते फार बरं केलंस. मी निजते आता. पहाटे चारला उठव.’’