शिक्षण, रोजगार, लोकसंख्या आणि प्रादेशिक दारिद्र्य : बिहार व केरळ

दारिद्र्याचे मूळ वाढत्या लोकसंख्येत आहे, हे विधान इतके रूढ झाले आहे की त्याची परीक्षा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. बिहार व केरळ यांची तुलना केली असता मात्र हे कारण अपुरे ठरते.

२०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरमागे बिहारमध्ये ११०६, तर केरळात ८६० माणसे राहत होती. देशाची सरासरी ३८२ होती. म्हणजे दोन्ही प्रदेश दाट वस्तीचेच. तरीही निती आयोगाच्या २०२३ च्या अहवालात बहुआयामी दारिद्र्याचे प्रमाण बिहारमध्ये ३३.७६ टक्के, तर केरळात अवघे ०.५५ टक्के आढळते. हे अंतर केवळ लोकसंख्येच्या दाटीने उलगडत नाही.

ते काही अंशी स्त्रीशिक्षणाने उलगडते. २०११ मध्ये स्त्रियांची साक्षरता केरळात ९२ टक्के, तर बिहारमध्ये सुमारे ५१ टक्के होती. शिकलेल्या मुलीचा विवाह उशिरा होतो, तिची अपत्ये जगतात आणि कुटुंब लहान राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एकूण जननदर बिहारमध्ये ३.०, तर केरळात १.८ होता. लोकसंख्यावाढ ही दारिद्र्याचे कारण आहे, तशीच ती अशिक्षितपणाचा परिणामही आहे.

या भेदामागे इतिहास आहे. त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी १८१७ मध्येच शिक्षणाचा खर्च राज्याने सोसावा, असे फर्मान काढले. पुढे नारायण गुरू व अय्यंकाळी यांच्या चळवळींनी विद्येचे दार खालच्या थरांपर्यंत उघडले. बिहारात १७९३ च्या कायमधाऱ्याने जमीनदारी दृढ केली. स्वातंत्र्यानंतर मालवाहतूक दर समानीकरणाच्या धोरणाने खनिजांच्या सान्निध्याचा लाभ हिरावला आणि २००० मध्ये खाणींचा प्रदेश झारखंडात गेला.

परंतु केवळ शिक्षणाने रोजगार निर्माण होत नाही. सुशिक्षितांची बेकारी ही केरळची जुनी व्यथा आहे. तेथील तरुण आखाती देशांत गेला, बिहारचा तरुण पंजाब, दिल्ली, मुंबई येथे गेला. स्थलांतर दोघांच्याही वाट्यास आले. मात्र एकाजवळ बहुधा कौशल्य होते, दुसऱ्याजवळ बहुधा केवळ श्रम. महानगरांत परप्रांतीय मजुराविषयी रोष व्यक्त होतो, तेव्हा हा भेद ध्यानात घेतला जात नाही.

बिहारमध्ये २००६ च्या सुमारास नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. २००५-०६ मध्ये ४.० असलेला जननदर पुढील दीड दशकात ३.० वर आला. हे श्रेय एकाच योजनेचे नव्हे. परंतु दिशा स्पष्ट आहे. मुलगी शाळेत टिकली पाहिजे आणि शिकलेल्या हातांना आपल्याच प्रदेशात काम मिळाले पाहिजे. यांपैकी एक कडी तुटली तरी दारिद्र्याचे चक्र पुन्हा फिरू लागते.