वर्णलेखनाच्या प्रयोगशाळेसाठी आधारसामग्री-प्रणालीची निवड

विश्लेषणात्मक रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्रव-वर्णलेखन व वायु-वर्णलेखन ह्यांची उपकरणे आज अपरिहार्य झाली आहेत. अशा उपकरणाची खरेदी करावयाची असता पंप, कॉलम व डिटेक्टर ह्यांच्या गुणावगुणांची चिकित्सा पुष्कळ केली जाते. परंतु डिटेक्टरकडून येणारा संकेत नोंदवून घेणारे, त्यावरून शिखरांचे क्षेत्रफळ काढणारे आणि अखेरचा आकडा आपल्या हाती देणारे जे सॉफ्टवेअर, ते बहुधा उपकरणाच्या मागोमाग येते व विशेष विचार न करताच स्वीकारले जाते. वस्तुतः प्रबंधात छापला जाणारा किंवा औषधाच्या प्रमाणपत्रावर लिहिला जाणारा आकडा डिटेक्टर देत नाही; तो हे सॉफ्टवेअर देते. सबब त्याची निवड कोणत्या तत्त्वांवर करावी, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

पूर्वपीठिका

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेट ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंगद्रव्ये स्तंभात वेगळी केली आणि १९०६ साली ह्या पद्धतीस तिचे आजचे नाव दिले. त्या वेळी रंगीत पट्टे डोळ्यांनी पाहणे हीच नोंद होती. मार्टिन व सिंज ह्यांनी १९४१ मध्ये विभाजन-वर्णलेखन सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी जेम्स व मार्टिन ह्यांचे वायु-द्रव वर्णलेखनावरील कार्य प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून डिटेक्टरचा संकेत कागदाच्या पट्टीवर लेखणीने उमटू लागला.

ह्या पट्टीवरील शिखराचे क्षेत्रफळ काढण्याचे उपाय मोठे मनोरंजक होते. कोणी शिखरास त्रिकोण मानून उंची व मध्यावरील रुंदी ह्यांचा गुणाकार करीत. कोणी प्लॅनिमीटर फिरवीत. कोणी शिखर कात्रीने कापून तो कागद तराजूवर तोलीत. पुढे इलेक्ट्रॉनिक समाकलक आले व नंतर वैयक्तिक संगणक आला. ह्या प्रगतीत एक गोष्ट मात्र नकळत घडली. कागद कापणाऱ्यास आपण कात्री कोठून चालविली हे ठाऊक असे. आज कात्री कोठून चालते हे सॉफ्टवेअर ठरविते, आणि वापरणारा पुष्कळदा ते पाहतही नाही.

संकेताची नोंद

प्रणालीचे पहिले कार्य म्हणजे अखंड संकेताचे सुट्या बिंदूंत रूपांतर करणे. दर सेकंदाला किती बिंदू घ्यावयाचे, हा येथे कळीचा प्रश्न होय. एका शिखराच्या रुंदीत निदान वीस बिंदू पडावेत, असा सामान्य व्यवहार आहे. पायाशी चाळीस सेकंद रुंद असलेल्या शिखरास सेकंदाला एक बिंदू पुरतो. पण सूक्ष्म कणांच्या आधुनिक कॉलममधून येणारे शिखर दोनच सेकंद रुंद असेल, तर तोच वेग ठेवल्यास त्याचे अवघे दोन-तीन बिंदू हाती येतील आणि शिखराचा माथा दोन बिंदूंच्या मध्येच हरवेल. तेथे सेकंदाला दहा किंवा अधिक बिंदू हवेत. उलटपक्षी, निष्कारण अतिवेग ठेवला तर आधाररेषेवरील थरथर वाढते व साठवणही व्यर्थ फुगते. म्हणून आपल्या उपकरणाचा सर्वोच्च वेग ही प्रणाली पेलते काय, हे प्रथम विचारावे.

समाकलन

दुसरे व सर्वांत नाजूक कार्य समाकलनाचे. शिखर कोठे सुरू झाले, कोठे संपले आणि त्याखालील आधाररेषा कोठून जाते, हे निर्णय सॉफ्टवेअर उताराच्या बदलावरून घेते. स्वच्छ, एकाकी शिखराच्या बाबतीत सर्वच प्रणाली जवळजवळ एकच उत्तर देतात. मतभेद होतो तो अवघड जागी. उदाहरणार्थ, मुख्य द्रव्याच्या मोठ्या शिखराच्या उतरत्या शेपटीवर अशुद्धीचे लहानसे शिखर बसले आहे असे समजू. दोहोंच्या मधल्या खळग्यातून सरळ खाली लंब टाकला, तर शेपटीचा काही भाग अशुद्धीच्या खाती जमा होतो. त्याऐवजी शेपटीच्या उताराला अनुसरून स्पर्शिका ओढली, तर लहान शिखर केवळ वरच्या वर सोलून निघते. समजा, मुख्य शिखराचे क्षेत्रफळ १,००,००,००० एकके आहे. लंबपद्धतीने अशुद्धीचे क्षेत्रफळ १३,००० आले व स्पर्शिकापद्धतीने ८,००० आले. पहिल्या हिशेबाने अशुद्धी ०.१३ टक्के, दुसऱ्या हिशेबाने ०.०८ टक्के. औषधद्रव्यातील अशुद्धींविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, दैनिक मात्रा दोन ग्रॅमपर्यंत असता, ०.१० टक्क्यापलीकडील अशुद्धीची ओळख पटविणे सर्वसाधारणपणे आवश्यक ठरते. म्हणजे नमुना तोच, इंजेक्शन तेच, कच्चा संकेतही तोच. परंतु रेषा कोठून ओढली ह्यावर काही महिन्यांचे संशोधन करावयाचे की नाही हे अवलंबून राहते.

ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, समाकलनाचे नियम आपणांस स्पष्टपणे पाहता व ठरविता आले पाहिजेत; ज्या प्रणालीत ते झाकलेले आहेत ती संशोधनास योग्य नव्हे. दुसरी, हाताने आधाररेषा ओढण्याची सोय असावी, पण तिचा वापर झाला की तशी खूण निकालावर उमटावी. हाताने समाकलन करणे हा अपराध नव्हे. ते लपविणे हा अपराध होय.

ह्याच संदर्भात सूत्रांकडेही लक्ष द्यावे. कॉलमची कार्यक्षमता शिखराच्या पायाशी स्पर्शिकांनी मापलेल्या रुंदीवरून काढता येते, तशीच अर्ध्या उंचीवरील रुंदीवरूनही काढता येते. पहिल्या सूत्रात गुणक १६ असतो, दुसऱ्यात ५.५४. शिखर सममित असेल तर दोन्ही उत्तरे जुळतात. शेपटी असेल तर जुळत नाहीत. दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत तफावत पडली असता कॉलमला दोष देण्यापूर्वी सूत्र कोणते वापरले हे पाहणे शहाणपणाचे होय.

उपकरणांशी जोडणी

बाजारात ज्या प्रणाली अधिक प्रचलित आहेत त्यांत वॉटर्सची एम्पॉवर, थर्मो फिशरची क्रोमेलिऑन, अॅजिलेंटची ओपनलॅब, शिमाझूची लॅबसोल्युशन्स व प्राग येथील डेटाअपेक्सची क्लॅरिटी ह्यांचा उल्लेख करता येईल. ह्यांपैकी पहिल्या चारही प्रणाली उपकरणे बनविणाऱ्यांच्याच आहेत. साहजिकच प्रत्येकीचे स्वतःच्या घरच्या उपकरणांशी सख्य अधिक. परक्या उपकरणांशीही त्या कमीअधिक प्रमाणात बोलतात; पण 'बोलणे' ह्या शब्दाचा अर्थ विक्रेत्याकडून नीट समजावून घ्यावा.

एक प्रकार पूर्ण नियंत्रणाचा: प्रवाहाचा वेग, द्रावणांचे मिश्रण, कॉलमचे तापमान, इंजेक्शन हे सारे सॉफ्टवेअरमधून चालते व त्याची नोंदही राहते. दुसऱ्या प्रकारात केवळ डिटेक्टरचा विद्युत्-दाब रूपांतरकाद्वारे घेतला जातो. तेथे रेषा मिळते, पण ती कोणत्या परिस्थितीत मिळाली ह्याची हकीकत मिळत नाही. ती वहीत हाताने लिहावी लागते. जुने उपकरण उपयोगात ठेवण्यासाठी दुसरा मार्ग पत्करणे वावगे नाही, मात्र दोहोंतील अंतर ध्यानात असावे. ज्या विभागात तीन निर्मात्यांची उपकरणे आहेत तेथे तीन निरनिराळ्या प्रणाली शिकविण्यात विद्यार्थ्यांचा जो काळ जातो, त्याचाही हिशेब खर्चात धरावयास हवा.

नोंदींची विश्वसनीयता

२००५ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एबल लॅबोरेटरीज ह्या औषध-कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. मानकात न बसणारे निकाल फेरफार करून बसविले जात होते, आणि गुणनियंत्रण विभागाने संगणकातील मूळ नोंदी व ऑडिट ट्रेल तपासलेच नव्हते, असे तपासणीत आढळून आले. कंपनीला आपली सर्व औषधे बाजारातून परत घ्यावी लागली व तिचा व्यवसाय संपुष्टात आला. ह्या प्रकरणाचा बोध असा की प्रणालीत ऑडिट ट्रेल असणे पुरेसे नाही. तो वाचणारा मनुष्य असावा लागतो. तथापि वाचावयास काही असावे ह्यासाठी प्रणालीत ती सोय प्रथम हवी, हेही तितकेच खरे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा '२१ सीएफआर भाग ११' हा नियम १९९७ पासून अमलात आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदींचा इतिहास संगणकानेच वेळेसह लिहावा, नव्या नोंदीने जुनी झाकली जाऊ नये, आणि स्वाक्षरी एकाच व्यक्तीची असून तिच्याबरोबर नाव, वेळ व स्वाक्षरीचा हेतू दिसावा, ही त्यातील प्रमुख अपेक्षा होय. येथे एक भ्रम दूर करणे अगत्याचे आहे. कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेताक्षणीच 'भाग ११ ला अनुरूप' होत नाही. ते तशी साधने पुरविते. अनुरूपता प्रयोगशाळेच्या वागण्यात असते. सर्वांनी एकाच नावाने व एकाच परवलीच्या शब्दाने प्रवेश केला, किंवा विश्लेषकाच्याच हाती नोंद पुसण्याचा व घड्याळ बदलण्याचा अधिकार ठेवला, तर उत्तमोत्तम प्रणालीही निरुपयोगी ठरते.

विद्यापीठातील संशोधनास हा नियम लागू नाही, म्हणून तो विचार सोडून द्यावा काय? आमच्या मते नाही. अनुकूल रेषा मिळेपर्यंत समाकलन बदलीत राहण्याचा मोह औषध-कारखान्यात जेवढा असतो, तेवढाच प्रबंध सादर करण्याच्या आदल्या महिन्यातही असतो. कारखान्यात निदान तपासनीस येण्याचे भय असते.

साठवण व दीर्घायुष्य

एका तरंगलांबीवर अर्धा तास, सेकंदाला दहा बिंदू घेतले तर १८,००० बिंदू होतात. प्रत्येकी चार बाइट धरल्यास ही फाइल अवघी ७२ किलोबाइटची. परंतु डायोड-अॅरे डिटेक्टरने २०० तरंगलांबी एकदम नोंदविल्या तर तीच फाइल सुमारे १४.४ मेगाबाइटची होते. दिवसाला चाळीस इंजेक्शने व वर्षाला २५० दिवस काम धरल्यास एका उपकरणाची वार्षिक साठवण, संक्षेप न करता, सुमारे १४४ गिगाबाइट होईल. एका संगणकाच्या डिस्कवर भरवसा ठेवून हे चालावयाचे नाही. मध्यवर्ती सर्व्हर व त्याची नियमित दुसरी प्रत हवी. उपकरणे एक-दोनच असतील तर स्वतंत्र संगणक चालेल, पण प्रतीचा नियम तेथेही सुटत नाही.

साठविण्यापेक्षा पुन्हा उघडता येणे अधिक कठीण आहे. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये, तर विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. उपकरण पंधरा-वीस वर्षे चालते. त्याखालील संगणकीय पाया मात्र त्याआधीच बदलतो. बहुतेक प्रणाली आपल्या नोंदी स्वतःच्या खास स्वरूपात ठेवतात. ह्यावर उपाय म्हणून एएनडीआय हे सामाईक स्वरूप एएसटीएम संस्थेच्या ई १९४७ ह्या मानकात दिलेले आहे. त्याद्वारे एका प्रणालीतील संकेत दुसरीत नेता येतो. परंतु संकेताबरोबर समाकलनाचा संपूर्ण इतिहास व ऑडिट ट्रेल जात नाही. म्हणून छापील पान किंवा पीडीएफ ही मूळ नोंद नव्हे, तिचे केवळ चित्र होय, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविले पाहिजे. चित्रावर पुन्हा समाकलन करता येत नाही.

निवडीची प्रत्यक्ष रीत

विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात त्याचीच सुंदर शिखरे दाखविली जातात. त्याऐवजी आपली सर्वांत अवघड तीन वर्णलेखने त्यास द्यावीत: एक शेपटीवरील अशुद्धीचे, एक सरकत्या आधाररेषेचे आणि एक मापनमर्यादेजवळच्या लहान शिखरांचे. ज्ञात प्रमाणात मिश्रण केलेला नमुनाही बरोबर असावा, म्हणजे खरे उत्तर कोणते ह्याबद्दल वाद राहणार नाही. त्यानंतर एक निकाल मुद्दाम बदलून तो बदल ऑडिट ट्रेलमध्ये कोठे व किती सहज दिसतो ते पाहावे. शेवटी साठविलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून दाखविण्यास सांगावे. ह्या शेवटच्या परीक्षेत पुष्कळांची तारांबळ उडते.

किमतीचा विचार करताना परवाना उपकरणागणिक आहे, नोंदलेल्या व्यक्तीगणिक आहे की एका वेळी वापरणाऱ्यांच्या संख्येवर आहे, हे पाहावे. वीस विद्यार्थी आळीपाळीने काम करतात अशा विभागास शेवटचा प्रकार बहुधा सोयीचा पडतो. वार्षिक देखभाल, सर्व्हर, प्रशिक्षण व वैधता-तपासणी ह्यांचा खर्चही आरंभीच मागून घ्यावा. आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ ह्या मानकानुसार मान्यता घेणाऱ्या प्रयोगशाळांनी ध्यानात ठेवावे की सर्वत्र वापरात असलेले तयार सॉफ्टवेअर त्याच्या ठरलेल्या मर्यादेत वापरल्यास पुरेसे वैध मानता येते. परंतु आपण त्यात केलेली रचना किंवा स्वतः लिहिलेली सूत्रे आपणच तपासली पाहिजेत.

सारांश, औषधनियंत्रणाच्या प्रयोगशाळेने अधिकारांची विभागणी व ऑडिट ट्रेल ह्यांस अग्रस्थान द्यावे. अनेक निर्मात्यांची उपकरणे असलेल्या विभागाने पूर्ण नियंत्रणाच्या व्याप्तीस द्यावे. आणि लहान संशोधनगटाने समाकलनाची पारदर्शकता व नोंदी बाहेर काढण्याची सोय पाहून साधी प्रणाली घ्यावी. सर्वांना समान अशी एकच कसोटी सांगावयाची तर ती अशी: दहा वर्षांनी एखाद्या अपरिचित संशोधकाने आपला आकडा अमान्य केला, तर मूळ संकेत उघडून, आपण रेषा कोठून व का ओढली हे त्यास दाखविता येईल काय? ज्या प्रणालीने हे साधेल ती निवडावी. इतर गुण त्यानंतर पाहावेत.