शब्दाला चव येते कुठून?

‘अळणी’ म्हणजे काय, असं मुलानं विचारलं की ‘मीठ नसलेलं’ एवढं सांगून आपण मोकळे होतो. मूल मान डोलावतं आणि संध्याकाळपर्यंत विसरून जातं. तेच मूल ‘श्यामची आई’ वाचत असेल तर? आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एक अक्षर न बोलता जेवून उठतात, मुलंही गप्प राहतात. शेवटी आई जेवायला बसते, घास घेते आणि तिला कळतं. त्या घासासरशी वाचणाऱ्यालाही ‘अळणी’ कळतो, तो कायमचा. हे घडतं तरी कसं?

आधी या पुस्तकाचं नाशिकजवळच्या वणीशी असलेलं शेजारपण पाहा. साने गुरुजींनी त्यातला बहुतेक भाग फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला. पुस्तक निघालं 1935 साली. नाशिकहून वणी सुमारे 40 किलोमीटर, पण पुस्तकातली माती दापोली तालुक्यातल्या पालगडची. वणीच्या मुलाला वावर, बांध, खरड छाटणी, गोडी छाटणी हे शब्द कुणी शिकवावे लागत नाहीत. द्राक्षबागांच्या या मुलखात ते कानावर पडतच असतात. पडवी, माजघर, सोवळं हे मात्र त्याला नवे. कोकणातल्या एका घराचे शब्द घाटावरच्या तुरुंगात कागदावर उतरले, आणि आता सप्तशृंगीच्या पायथ्याशी बसलेलं मूल ते आपलेसे करू शकतं!

मुलांचं मन शब्द कसं टिपतं, हे पाहायला सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी 1978 साली एक साधा प्रयोग केला. तीन-चार वर्षांच्या मुलांना सांगितलं, ‘तो ट्रे आण, निळा नको, क्रोमियम रंगाचा.’ हा रंग मुलांनी कधी ऐकलेला नव्हता आणि कुणी तो समजावूनही दिला नाही. तरी मुलांनी बरोबर ट्रे आणला, आणि त्या एका प्रसंगातून अनेकांच्या मनात नव्या शब्दाची अंधूक जागा तयार झाली. अर्थ पुढे हळूहळू भरत जातो.

वाचनातही तेच होतं. अशा 20 प्रयोगांचा एकत्र आढावा 1999 साली घेतला गेला. वाचता वाचता भेटलेल्या 100 अनोळखी शब्दांपैकी साधारण 15 मुलांच्या पदरात पडतात, असं त्यात दिसलं. आकडा लहान वाटतो. पण कुणी शिकवलं नाही, पाठ करून घेतलं नाही, आणि तरीही 15!

मग सलग गोष्टीची कमाल ध्यानात येते. सुट्या उताऱ्यात शब्द एकदा भेटतो आणि निघून जातो. कादंबरीत तेच घर, तीच माणसं असतात, म्हणून ‘पडवी’ पुन्हा पुन्हा येते. कधी पावसात, कधी दिव्याच्या उजेडात. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर हेच तपासलं. नवे शब्द सगळ्यांना सारख्याच वेळा ऐकवले. वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा तीच गोष्ट पुन्हा ऐकणारी मुलं ते शब्द जास्त शिकली. ‘कालचीच गोष्ट सांग’ या हट्टात केवढं शहाणपण आहे!

मराठीत तर आणखी एक नवल घडतं. आपला शब्द दर वेळी नवा पोशाख घालून येतो: माजघर, माजघरात, माजघरातून. मूल नकळत प्रत्यय सोलून काढतं आणि आतला शब्द ओळखतं. व्याकरणाच्या तासाआधीच त्याचं व्याकरण सुरू झालेलं असतं. शिवाय शब्दांना गोतावळा असतो. श्यामला पत्रावळ लावायला शिकावं लागतं, तो प्रसंग घ्या. पत्र म्हणजे पान, आवळ म्हणजे ओळ. हे उमगलं की वंशावळ उलगडते, नामावळी उलगडते, आणि दीपावलीतून आलेली दिवाळीसुद्धा दिव्यांची ओळ होऊन समोर उभी राहते. ‘अळणी’चं मूळही असंच: अलवण, म्हणजे लवण नसलेलं. एक शब्द येतो तो नातेवाइकांना घेऊन.

म्हणून मोठ्यांनी करायचं ते थोडंच. रोज रात्री चार पानं मोठ्यानं वाचावीत. दर ओळीला अर्थ विचारून गोष्ट अडवू नये. मुलानं विचारलं तर दोन शब्दांत सांगून पुढं जावं, आणि नव्यातला एखादा शब्द दुसऱ्या दिवशी बोलता बोलता सहज वापरावा.

मग कधीतरी वणीतल्या एखाद्या घरी भाजीत मीठ पडायचं राहील. मूल घास घेईल आणि त्याला नेमका शब्द आठवेल. दिवसभर राबून आलेल्या आईसमोर तो उच्चारायचा की गिळायचा, हेही त्याला त्याच गोष्टीतून ठाऊक झालेलं असेल.