सौर पंप बसविणाऱ्या कंपनीची पारख
लेखक : एक निवृत्त महसूल कारकून, पडेगाव

विहिरीवर सौर पंप बसवावा की न बसवावा, हा वाद आता आपल्या भागात फारसा उरलेला नाही. रात्रीच्या विजेसाठी जागरण करणे, अंधारात विंचूसर्पाच्या भयाने बांधावरून फिरणे आणि डीपी जळाली म्हणजे आठ-आठ दिवस आभाळाकडे पाहत बसणे, या सर्वांस शेतकरी कंटाळून गेला आहे. दिवसा पाणी द्यावयास मिळावे ही त्याची इच्छा रास्तच होय. मात्र पंप कोणाच्या हातून बसवून घ्यावा, या प्रश्नाचा विचार आपण बैलजोडी घेताना करतो त्याच्या चौथाईनेही करीत नाही. बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. पंचवीस वर्षे चालावी अशी वस्तू घेताना मात्र दुकानदाराचा रंगीत कागद पाहून मान डोलावतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावे असे मनात आले.

योजनेचे स्वरूप प्रथम सांगतो. केंद्र सरकारने सन २०१९ मध्ये कुसुम योजना सुरू केली. महाराष्ट्रात सन २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना महावितरणमार्फत चालू आहे. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा १० टक्के व अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा असतो. बाकीची रक्कम अनुदानाने येते. अडीच एकरांपर्यंतच्या खातेदारास ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीपर्यंतचा पंप मिळतो. पाच वर्षे दुरुस्तीची हमी असून विम्याचेही संरक्षण आहे. योजनेच्या यादीतील कोणती कंपनी निवडावी, हे शेतकऱ्याने स्वतः ठरवावयाचे असते.

या शेवटच्या वाक्याकडे आमच्या बंधूंचे लक्ष जात नाही. सरकारने यादी दिली म्हणजे पारखही सरकारने करून दिली, असे ते समजतात. यादीत नाव असणे व काम चोख असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय काम सध्या फार झपाट्याने चालले आहे. सन २०२५ च्या अखेरीस महावितरणने एका महिन्यात ४५ हजारांहून अधिक पंप बसवून जागतिक विक्रम नोंदविला. ही गोष्ट भूषणास्पद आहे, यात शंका नाही. परंतु जेथे काम इतक्या वेगाने होते, तेथे प्रत्येक खांबाजवळ उभा राहून पाहणारा सरकारी माणूस कोठून मिळणार? ते पाहणे खातेदारालाच प्राप्त आहे. नव्वद टक्के पैसा सरकारचा असला तरी विहीर आपली, पीक आपले आणि हंगामही आपलाच असतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. स्वतः ठेच खाऊन सांगतो. पडेगावाहून दौलताबादेकडे जाणाऱ्या वाटेवर आमचे थोडे शेत आहे. तेथील विहिरीवर जानेवारीत ५ अश्वशक्तीचा पंप बसला. मजूर दोन दिवसांत काम उरकून निघाले. त्यांच्याबरोबरचा तरुण म्हणाला, “काका, सिमेंट ओले आहे. ते वाळले की येऊन बोल्ट आवळून देतो, अर्थिंगही तेव्हाच करू. सही मात्र आजच द्या, फोटो आज चढवायचा आहे.” मी ‘काम पूर्ण व समाधानकारक’ या मजकुराखाली सही केली. ज्या मनुष्याने महसूल खात्यात सारा जन्म कारकुनी केली, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका म्हणून शेकडो खातेदारांना बजावले, त्यानेच न झालेल्या कामाची पावती लिहून दिली! पाणी वाहताना पाहून डोळे भरले होते, एवढेच त्याचे कारण.

तो तरुण पुन्हा आला नाही. दोनदा फोन केला, मग मीही विसरलो. मे महिन्यात एका सायंकाळी वळवाचे वादळ झाले. नऊपैकी चार प्लेटा उडून शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन पडल्या आणि सांगाडा एका अंगास कलला. तक्रार केली तेव्हा कंपनीने माझीच सही माझ्यापुढे धरली. विम्याच्या माणसाचा पहिला प्रश्नही तोच होता: काम अपुरे होते, तर पूर्ण म्हणून कसे लिहून दिले? या पत्रव्यवहारात बेचाळीस दिवस गेले. आल्याच्या लागवडीसाठी आणून ठेवलेले बेणे सुकले. त्यातील निम्मे खाण्याच्या आल्याच्या भावाने मंडईत विकावे लागले. शेजाऱ्याने आठ दिवस पाणी दिले म्हणून जनावरे व भाजीपाला तरला. ही हानी कोणत्याही विम्यात बसत नाही. यास्तव पुढील गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट : माणूस खरा की खोटा. ‘मी अमुक कंपनीचा’ असे म्हणत गावात फिरणारा प्रत्येक जण त्या कंपनीचा असतोच असे नाही. कुसुम योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे उघडून शेतकऱ्यांकडून पैसे उकळल्याचे प्रकार घडले असून केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने त्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. अर्ज महावितरणच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच करावा आणि आपला हिस्सा तेथेच भरून पावती घ्यावी. ‘नंबर लवकर लावून देतो’ किंवा ‘वाहतुकीचे वेगळे द्या’ असे म्हणून कोणी रोख रक्कम मागितली, तर त्याची पारख तेथेच झाली असे समजावे.

दुसरी गोष्ट : ठाणठिकाण. कंपनीचे मुख्य कार्यालय गुजरातेत असो वा पुण्यात असो, दुरुस्तीचे ठिकाण आपल्या जिल्ह्यात कोठे आहे ते विचारावे आणि एक दिवस मोडून तेथे स्वतः जावे. तेथे शिल्लक कंट्रोलर, मोटार व वायर आहे की नुसते टेबल-खुर्ची आहे, हे डोळ्यांनी पाहावे. किती मिस्त्री आहेत व त्यांच्याकडे किती तालुके आहेत, हेही विचारावे. दोन मिस्त्री व नऊ तालुके असे उत्तर आले, तर आपला नंबर केव्हा लागेल याचा हिशेब कोणासही करता येईल.

तिसरी गोष्ट : जुने गिऱ्हाईक. कंपनी आपणहून ज्या शेतावर नेते ते शेत पाहू नये. आपण स्वतः शोधून तीन शेते पाहावीत, आणि ती दोन महिन्यांपूर्वीची नव्हे, तर दोन वर्षांपूर्वीची असावीत. नवा पंप सर्वांचाच चांगला चालतो. ‘पंप कसा आहे’ असे विचारल्यास लोक भिडेखातर बरा म्हणतात. म्हणून असे विचारावे: आजवर किती वेळा बंद पडला? तक्रार कोठे दिली? मनुष्य कितव्या दिवशी आला? येण्याजाण्याचे पैसे मागितले काय? या चार उत्तरांत कंपनीची सारी जन्मपत्रिका येते.

चौथी गोष्ट : विहिरीची मोजणी. चांगल्या कंपनीचा मनुष्य विहिरीवर आल्यावर प्रथम दोर सोडून पाणी मोजतो, उन्हाळ्यात पातळी कोठवर उतरते ते विचारतो आणि पाणी किती उंच व किती लांब न्यावयाचे ते टिपून घेतो. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. दिवाळीत काठोकाठ भरलेली विहीर एप्रिलात तळ दाखविते. हे न विचारता जो नुसता सातबारा पाहून पंपाचा आकार सांगतो, तो माल विकणारा आहे, पाणी देणारा नव्हे. साडेसात अश्वशक्तीस पात्र असलो म्हणून तोच घ्यावा असेही नाही. विहिरीस झरा कमी असेल, तर मोठा पंप तासाभरात विहीर उपसून कोरडा फिरतो. पात्रतेपेक्षा लहान पंप मागण्याची मोकळीक योजनेत आहे.

पाचवी गोष्ट : मालाची रुजवात. केंद्राच्या मानकाप्रमाणे ३ अश्वशक्तीच्या पंपास ३,००० वॅट, ५ अश्वशक्तीस ४,८०० वॅट व साडेसात अश्वशक्तीस ६,७५० वॅट क्षमतेच्या प्लेटा हव्यात. प्रत्येक प्लेटेच्या पाठीवर तिचे वॅट व क्रमांक छापलेले असतात. प्लेटा मोजाव्यात व गुणाकार करावा. ५४० वॅटच्या नऊ प्लेटा म्हणजे ४,८६० वॅट, हे ५ अश्वशक्तीस पुरे; आठच आल्या तर ४,३२० होतात, म्हणजे माल कमी आला. सर्व क्रमांक वहीत उतरवून ठेवावेत; चोरी झाल्यास पोलिसांत व विम्याकडे तेच लागतात. अनुदानाच्या प्लेटा देशी बनावटीच्याच असाव्या लागतात, त्याचा दाखला मागावा. चांगली प्लेट दहा वर्षांनी आपल्या शक्तीच्या ९० टक्के व पंचवीस वर्षांनी ८० टक्के काम देते, अशी उत्पादकाची लेखी हमी असते. ती आपल्या नावाने घ्यावी.

सहावी गोष्ट : पाया व सांगाडा. माझी हानी येथेच झाली. सांगाडा जस्ताच्या रसात बुडवून काढलेला असावा, वरून चंदेरी रंग दिलेला नव्हे. नखाने किंवा नाण्याने खरवडून पाहिल्यास रंग निघतो, जस्त निघत नाही. मानकाप्रमाणे सांगाडा ताशी १५० किलोमीटरचा वारा सोसणारा असावा लागतो. तेव्हा पायाचा खड्डा खणताना स्वतः उभे राहून त्याची खोली नकाशाशी ताडून पाहावी. सिमेंटास पाणी पाजावे, ते वाळू द्यावे, मगच प्लेटा चढवू द्याव्यात. प्लेटांचे तोंड दक्षिणेस असावे. आपले शहर सुमारे २० उत्तर अक्षांशावर असल्याने कलही साधारण तेवढ्याच अंशांचा ठीक पडतो. बांधावरील लिंबाची किंवा आंब्याची सावली सकाळी आठ व दुपारी चार वाजता कोठे पडते ते आधी पाहून जागा धरावी. अर्थिंग आणि विजेपासून राखणारा अरेस्टर यांवाचून काम पुरे झाले असे कदापि मानू नये.

घराच्या छपरावर सौर यंत्र बसविणाऱ्यांसही हीच पारख लागू आहे. सन २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटास ३० हजार, दोन किलोवॅटांस ६० हजार व तीन किंवा अधिक किलोवॅटांस ७८ हजार रुपये अनुदान आहे. ते घरमालकाच्या खात्यात जमा होते. म्हणून ‘अनुदान आम्ही परस्पर पाहून घेऊ’ असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. तीन कंपन्यांची लेखी दरपत्रके घ्यावीत आणि प्लेट, इन्व्हर्टर, सांगाडा व मीटरचे काम यांचे दर वेगवेगळे लिहून मागावेत. एकच ठोक आकडा सांगणाऱ्याचे दर ताडून पाहता येत नाहीत.

आता शेवटची व सर्वांत महत्त्वाची गोष्ट : सही. अनुदानाच्या कामात पैसा आपल्या हातून जात नाही. त्यामुळे काम अपुरे राहिल्यास पैसे अडवून धरण्याची सोय आपणांस नाही. आपल्या हाती एकच वस्तू आहे, ती म्हणजे काम पूर्ण झाल्याची सही. ती देण्यापूर्वी स्वच्छ उन्हात भर दुपारी तासभर पंप चालवावा. दोनशे लिटरची टाकी पाइपाखाली धरून घड्याळ लावावे. ती एका मिनिटात भरली, तर तासास बारा हजार लिटर पाणी पडले. हा आकडा कंपनीने सांगितलेल्या आकड्याशी ताडावा. नंतर प्रत्येक बोल्टास हात लावून पाहावा. काही उणे असेल तर सही नाकारावी. कामाच्या गर्दीत ते अवघड वाटल्यास निदान सहीच्या वर आपल्या हाताने ‘अर्थिंग बाकी, बोल्ट बाकी’ असे तारखेसह लिहावे आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवावा. माझ्या कागदावर एवढी एक ओळ असती, तर बेचाळीस दिवसांचे काम चार दिवसांत झाले असते.

मजूर घाईत असतात, त्यांचे त्यांना पुढचे गाव गाठावयाचे असते. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. आपण मात्र घाईत नसावे. त्या सायंकाळी मी तरुणास “बाबा, बोल्ट आवळून जा, चहा घे, मग सही देतो” एवढे म्हणालो असतो, तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती. आपल्या विहिरीवर येत्या हंगामात मंडळी येतील तेव्हा सभासद बंधूंनी या वाक्याची आठवण ठेवावी, एवढीच विनंती आहे.