रीमिक्स ही नक्कल नव्हे

1983 साली न्यूयॉर्कमध्ये शॅनन या गायिकेचे 'लेट द म्यूझिक प्ले' हे गाणे निघाले. निर्माते होते मार्क लिगेट आणि ख्रिस बार्बोसा. डिस्कोविरुद्ध अमेरिकेत 1979 मध्ये उसळलेल्या संतापानंतर नाचाच्या गाण्यांना उतरती कळा लागली होती. तरीही 1984 च्या सुरुवातीला हे गाणे बिलबोर्डच्या मुख्य यादीत 8 व्या क्रमांकावर पोहोचले. पुढे फ्रीस्टाइल म्हणून ओळखल्या गेलेल्या शैलीचे हे पहिले मोठे यश. शॅननच्या आवाजाचा त्यात वाटा आहेच. पण ही शैली समजून घ्यायची तर गाण्याइतकीच त्याची रीमिक्स रूपेही ऐकायला हवीत.

फ्रीस्टाइलमध्ये सूर विरहाचा असतो आणि ताल मात्र थांबू देत नाही. या गाण्यात रोलंड 808 या तालयंत्राचे ठोके आणि 303 या यंत्राचा खर्ज एकमेकांत गुंफले आहेत. ठोके सरळ न पडता लॅटिन तालवाद्यांसारखे आडवे पडतात. रेडिओसाठीच्या छोट्या आवृत्तीत कान गायिकेकडेच जातो. बारा इंची तबकडीवर खाचांना जास्त जागा मिळते, त्यामुळे खर्ज दमदार उमटतो आणि गाणे लांबवता येते. तिच्यावरच्या डब आवृत्तीत आवाज बराचसा मागे सारला जातो आणि तालाची वीण उघडी पडते. न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन तरुणांनी क्लबमध्ये उचलून धरली ती हीच वीण. त्याच शहरातल्या 'लॅटिन रास्कल्स' या जोडीने पुढे ब्लेडने टेप कापून, तुकडे जोडून नवे ताल रचले.

एकच गाणे पुन्हा विकण्याची ही युक्ती, असा आक्षेप घेतला जातो. कंपन्यांना नफा हवा होता, हे खरेच. पण एवढ्यावरून त्या कामाचे मोल ठरत नाही. आपल्याकडची नाराजी वेगळी आहे. 1972 च्या 'समाधी' चित्रपटातले लतादीदींचे 'काँटा लगा' 2002 मध्ये दुसऱ्या आवाजात नव्याने ध्वनिमुद्रित झाले आणि मूळ गाण्यावर अन्याय झाल्याची भावना अनेकांच्या मनात उमटली. फ्रीस्टाइलमध्ये मात्र मूळ गायिकेचा आवाज आणि मूळ वादनच हाताशी घेऊन काय पुढे आणायचे, काय मागे ठेवायचे, हे ठरवले जाई. ही निवड म्हणजेच रचना. म्हणून गीतकार-संगीतकारांच्या पंक्तीत रीमिक्सकारालाही मानाचे पान मिळायला हवे.