ओल पाहून पेरायचा चारा

29 डिसेंबर 2018 च्या पहाटे नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला. त्याआधीचा नीचांक 1937 सालचा, 3.9 अंशांचा, तो 80 हून अधिक वर्षे टिकला होता. अशी पहाट पिढीतून एखादी. एरवी डिसेंबर-जानेवारीत इथली रात्र सरासरी 12-13 अंशांवर थांबते आणि दुपारी 28-29 अंशांचे ऊन अंगावर येते. युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत हिवाळी चारा निवडताना पहिला प्रश्न असतो, पीक बर्फाखाली तग धरेल का. नागपूरच्या शेतकऱ्याने हा प्रश्न बाजूला ठेवावा. ओट, बरसीम, लसूण घास, लाखोळी, यांपैकी एकही पीक इथल्या नेहमीच्या थंडीने दगावत नाही. दगावते ते पाण्यावाचून, नाहीतर मार्चच्या उन्हाने.

म्हणून निवड करण्याआधी दोन गोष्टी मोजायच्या. एक, विहिरीला किंवा कालव्याला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत आहे. दुसरी, गारव्याचे दिवस किती. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ऊन अजून चटके देत असते. त्यात उगवलेले बरसीमचे नाजूक रोप करपते. मार्चमध्ये कमाल तापमान 36 अंशांवर जाते, एप्रिलमध्ये चाळिशी गाठते. मधले साधारण 5 महिने एवढेच काय ते आपल्या हाती. पेरणी 15 दिवस लांबली की शेवटची एक कापणी गेली, आणि ती मागच्या बाजूने वाढवून मिळत नाही.

आता हे सगळे करायचे कशाला, असे विचारणारे गावोगाव भेटतात. पूर्वी विचारले नसते, कारण पूर्वी खरिपाची ज्वारी होती आणि ज्वारीबरोबर कडबा येत होता. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, कडबा गेला, गव्हाणीत कुटार आले. सोयाबीनचे कुटार पोट भरते, दूध वाढवत नाही. धानपट्ट्यात तणीस आहे, तेही तसेच. मग दुधाची उणीव सरकी ढेपेने भरून काढायची आणि महिन्याच्या शेवटी हिशेब करताना डोके धरायचे. राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय 2000 सालापासून याच शहरात आहे. तरी चाऱ्याला शेतातला सगळ्यात हलका तुकडा देण्याची सवय काही सुटलेली नाही. गवळाऊ गाय असो, नागपुरी म्हैस असो की बाहेरून आणलेली संकरित गाय, रोजच्या चाऱ्यात थोडे तरी हिरवे प्रथिन लागतेच.

पाणी अजिबात नाही, असे समजून सुरुवात करू. मौदा, रामटेक, पारशिवनी या धानाच्या तालुक्यांत आणि पुढे भंडारा-गोंदियात त्यावर जुना उपाय आहे: लाखोळीचा उतेरा. धान कापायला 10-15 दिवस असताना, बांधीतले पाणी काढून चिखल ओला असतानाच, उभ्या धानात लाखोळीचे बी फेकायचे. नांगर नाही, वखर नाही. धानाच्या सावलीत बी रुजते. कापणी करताना कोवळी रोपे वाचतील एवढा धसकटाचा भाग उंच ठेवायचा. पुढे उरलेल्या ओलीवर आणि दवावर पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे राहते. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, त्याचा लाभ पुढच्या धानाला होतो. कोवळ्या शेंड्यांची घरात भाजी होते आणि मळणीनंतरचे कुटार गुरांना. हे जमते ते भारी, ओल धरणाऱ्या जमिनीत. हलक्या बरडावर उतेरा करणे म्हणजे बी वाया घालवणे.

लाखोळीचे नाव काढले की लकवा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. तिच्या दाण्यात मज्जातंतूंना अपाय करणारे एक द्रव्य असते. दुष्काळात महिनोन्‌महिने फक्त तिच्यावर जगलेल्या माणसांचे पाय गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणून 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. ती उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. दरम्यान रतन, प्रतीक, महातिवडा असे विषद्रव्य कमी असलेले वाण आले. चाऱ्यापुरते सूत्र साधे आहे: हिरवा पाला आणि कुटार इतर चाऱ्यात मिसळून द्यावे, दाणा मुख्य खुराक करू नये, घोड्यांना तर देऊच नये. उतेऱ्याचा खरा शत्रू वेगळाच आहे. धान निघाला की गावची गुरे आखरावरून सुटतात आणि गायकी त्यांना रिकाम्या बांध्यांत घालतो. एकट्याने लाखोळी पेरली तर ती गावाच्या गुरांची होते. त्यामुळे हा निर्णय सलग बांध्यांच्या सगळ्या मालकांनी मिळूनच घ्यायचा असतो.

चार-पाच पाणी देता येत असेल तर ओट. हेक्टरी 100 किलो बी, म्हणजे 10 गुंठ्यांना 10 किलो. केंट हा जुना, भरवशाचा वाण. राहुरीचा फुले हरिता हाही आपल्याकडचा. पेरणीनंतर 50-55 दिवसांनी पहिली कापणी, आणि ती जमिनीपासून 8-10 सेंटीमीटर सोडून. अगदी बुडातून कापले तर फुटवा येणारा भागच विळ्याखाली जातो आणि दुसरी कापणी हातची जाते. पहिल्या कापणीनंतर नत्राचा हप्ता आणि पाणी. पीक निम्मे फुलोऱ्यात आले की दुसरी कापणी. ओट गुरे आवडीने खातात, पोटाला त्रास देत नाही. प्रथिने मात्र बेताचीच. फेब्रुवारीतल्या गारपिटीत उंच वाढलेला ओट आडवा होतो, हेही धरून चालावे.

पाणी मार्चअखेरपर्यंत खात्रीचे आहे, पेंचचा कालवा शेताजवळून जातो किंवा विहीर दमदार आहे, अशांसाठी बरसीम. हे पीक मूळचे इजिप्तकडचे. 1904 मध्ये सिंधमधल्या मीरपूर खास इथे ते भारतात पहिल्यांदा आले. कोरडा चारा धरून हिशेब केला तर त्यात 17 ते 20 टक्के प्रथिने असतात. पण हे पीक लाडाचे आहे. त्याला 10-12 पाणी लागतात. मुळे उथळ, आणि आपली काळी जमीन वाळली की भेगाळते. भेग पडली की ती मुळे तुटतात. म्हणून भेग दिसायच्या आधी पाणी, एवढे एकच वेळापत्रक पाळले तरी चालते.

पेरणी 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर. हेक्टरी 25-30 किलो बी. बाजारातल्या बरसीममध्ये हटकून कासनीचे बी मिसळलेले असते. 10 लिटर पाण्यात 1 किलो मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. कासनी हलकी, ती वर तरंगते. ती काढून टाकावी आणि खाली बसलेले बी साध्या पाण्याने लगेच धुवावे, नाहीतर मिठाने उगवण बिघडते. त्यानंतर गुळाच्या पाण्यात कालवलेले रायझोबियम चोळून बी सावलीत सुकवायचे. ज्या शेतात बरसीम कधीच घेतलेले नाही तिथे हे टाळू नये. या पिकाला लागणारा जिवाणू तिथल्या मातीत नसतोच, आणि गाठी धरल्या नाहीत तर पीक पिवळे पडून बसते. वाफ्यात बोटभर पाणी भरून ते गढूळ करायचे आणि त्यात बी फेकायचे. गाळ खाली बसतो तो बियांवर पातळ थर होऊन. वेगळे झाकावे लागत नाही. सोबत थोडी मोहरी किंवा ओट टाकावा, कारण बरसीमची पहिली कापणी नेहमी पातळ येते.

किती पेरावे, याचा हिशेब बहुतेकजण करत नाहीत आणि मग एक तर चारा माजतो, नाहीतर जनावर उपाशी. दोन दुभती जनावरे, प्रत्येकी रोज 20 किलो हिरवा चारा, म्हणजे 40 किलो. एका कापणीनंतर पुन्हा उंची यायला सुमारे 30 दिवस लागतात. 30 दिवसांचे 1,200 किलो. नीट पाणी दिलेल्या बरसीमची एक कापणी गुंठ्याला 120 किलोच्या आसपास धरली तर 10 गुंठे पुरतात. या 10 गुंठ्यांचे 30 वाफे पाडायचे आणि रोज एक कापायचा. तिसावा कापून होईतो पहिला पुन्हा गुडघ्याशी आलेला असतो. पहिला वाफा पेरणीनंतर 45-50 दिवसांनी विळ्याखाली येतो. जानेवारीच्या कडक थंडीत वाढ मंदावते, तेव्हा चार-आठ दिवसांची ओढ पडते. ती ओटाने भरून काढावी. म्हणूनच एकट्या बरसीमपेक्षा दोन्ही पिके शेजारी असावीत. ओटातली साखर-पिष्टे आणि बरसीममधली प्रथिने एकत्र पोटात गेली तर रवंथाच्या पोटातल्या जिवाणूंना दोन्हींचा उपयोग करता येतो.

पोटफुगी विसरून चालत नाही. दवाने भिजलेले कोवळे बरसीम भुकेल्या गाईने भराभर खाल्ले की त्यातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांचा पोटात चिकट फेस होतो. वायू त्या फेसात अडकतो, ढेकर निघत नाही, डावी कूस ढोलासारखी फुगते. फुगलेले पोट फुफ्फुसांवर दाबते आणि काही तासांत जनावर जाऊ शकते. उपाय कापणीच्या आधीच करायचा. दव उडाल्यावर कापावे, तीन-चार तास सुकू द्यावे, कुट्टी करून कुटारात किंवा तणसात मिसळावे आणि आधी थोडे कोरडे खाऊ घालावे. तरी कूस फुगलीच तर डॉक्टरांना बोलवावे. तोवर गोडेतेल पाजतात ते याचसाठी की तेलाने फेस मोडतो. पाजताना जनावराचे तोंड फार वर करू नये, तेल श्वासनलिकेत जाते.

लसूण घासाबद्दल थोडक्यात. ज्याच्याकडे मे महिन्यातही पाणी आहे त्याने ती लावावी. आरएल-88 सारखा वाण तीन-चार वर्षे कापता येतो. पण पाणी साचणाऱ्या खोल काळ्या जमिनीत तिची मुळे कुजतात. निचऱ्याची जागा नसेल तर नाद सोडलेला बरा. अमरवेलीची पिवळी जाळी दिसली की तो तुकडा फुलण्याआधी कापून जाळायचा.

काटोल, नरखेड, कळमेश्वरकडचे संत्रा बागायतदार झाडांच्या ओळींमध्ये बरसीम घ्यावे का, असे विचारतात. जागा रिकामी आहे, ओलीत आहे, मोह होतो. पण आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावे लागते. नेमके तेव्हाच बरसीमला नियमित पाणी हवे. दोघांपैकी एकाचे नुकसान ठरलेले, आणि ते संत्र्याचेच होणार. शिवाय बुंध्याजवळ सतत ओल राहिली की डिंक्याला आमंत्रण. बागेत जमीन झाकायचीच असेल तर पावसाळ्यात ताग किंवा चवळी घ्यावी आणि ताण सुरू होण्याच्या बऱ्याच आधी ती मातीत गाडावी.

उरला प्रश्न जंगलकाठचा. अमेरिकेत हरणे यावीत म्हणून मुद्दाम ओट आणि क्लोव्हर पेरतात. पेंच, उमरेड-कऱ्हांडला किंवा बोरच्या काठावर कोणी असे केले तर चितळ येतील, रोही येईल, रानडुक्कर तर येईलच, आणि चितळामागे वाघ येईल. जानेवारीत रानातले मारवेल, पवन्या, कुसळी वाळून पिवळे पडलेले असताना ओलिताचा हिरवा तुकडा दुरूनही लपत नाही. चितळाला दोष देण्यात अर्थ नाही. भुकेल्या जनावराने हिरवे खावे यात गैर काय. वनखात्यालाही जंगलात बरसीम पेरून भागत नाही. तिथे काम असते ते कुरणांचे: घाणेरी, तरोटा, रानतुळस उपटायची, स्थानिक गवताचे बी टाकायचे, वणवा आवरायचा. पेंचमध्ये तोतलाडोहच्या जलाशयाचे पाणी हिवाळ्यापासून मागे हटत जाते आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते. चितळ आणि रानगवे उन्हाळ्यात त्यावरच तग धरतात. तो चारा कोणी पेरलेला नाही.

शेतकऱ्याने काय करावे? बरसीम आणि ओटाचे वाफे गोठ्याला लागून, माणसांच्या वावरात ठेवावेत. कापणीही सोपी, राखणही सोपी. जंगलाकडच्या तुकड्यात हरभरा किंवा गहू असेल तर धुऱ्याला करडईच्या दाट ओळी टाकाव्यात. काटेरी झाल्यावर मोकाट गुरे तिच्यात तोंड घालत नाहीत, चितळही कचरतात. डुकराला मात्र ती अडवत नाही; त्याच्यासाठी जागल किंवा जाळीचे कुंपण हवे. कुंपणात वीज सोडण्याचा विचार कोणी मनात आणू नये. कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध जय वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीडकडे अशाच तारेने मेला. अशा तारेवर रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही पडू शकतो. आणि मार्चअखेर बरसीमची वाढ थांबली की शेवटचा फुटवा कापायची घाई करू नये. पाणी असेल तर तो जमिनीत गाडून त्याच वाफ्यांत उन्हाळी मका टाकावा. पाणी संपले असेल तर तो फुटवा गुरांनाच चरू द्यावा.