लागूंनी डॉक्टरकी एका रात्रीत सोडली नव्हती

‘डॉ. लागूंचं बघा. कान-नाक-घशाचे सर्जन. दिली प्रॅक्टिस सोडून आणि उतरले नाटकात. नोकरीत मन रमत नसेल तर माणसात एवढं धाडस पाहिजे!’

हे किंवा याच्याच चुलतभावासारखं एखादं वाक्य कानावर पडल्याशिवाय हल्ली महिना जात नाही. कधी कुणाच्या निरोप समारंभात, कधी भल्या सकाळी आलेल्या व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी व्यासपीठावर येरझाऱ्या घालणाऱ्या एखाद्या वक्त्याच्या व्हिडिओत. नावं बदलतात, गोष्ट तीच. माणूस पाट्या टाकत होता, एके दिवशी त्याला आपली खरी आवड उमगली, त्याने राजीनामा साहेबांच्या टेबलावर आपटला आणि पुढे सगळं छान झालं. ऐकणारा बिचारा घरी जातो, हप्त्यांचा हिशेब मांडतो आणि आपल्यात धाडसच नाही, असं स्वतःला बजावून सोमवारी पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसतो.

म्हणून आधी लागूंचंच बघू. श्रीराम लागूंचा जन्म १९२७ चा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकत असतानाच ते नाटकांत कामं करू लागले. पुढे भालबा केळकर आणि इतर मित्रांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन म्हणजे पीडीएमध्ये, तर मुंबईत ‘रंगायन’मध्ये त्यांनी नाटकं केली. ही सगळी हौशी रंगभूमी, आणि पोटापाण्याला डॉक्टरकी. पुण्यात प्रॅक्टिस केली, पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा-इंग्लंडला गेले, टांझानियातल्या टबोरालाही काही काळ डॉक्टर म्हणून काम केलं. पूर्णवेळ नट ते झाले १९६९ मध्ये, वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून. तेव्हा वय होतं ४१-४२. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग त्यानंतर, डिसेंबर १९७० मध्ये.

म्हणजे ज्याला लोक उडी म्हणतात, तिच्या आधी जवळजवळ वीस वर्षांची तालीम होती. रंगमंच काय असतो, प्रेक्षक कधी साथ देतो, कधी उठून जातो, आपल्याला हे रोज करायला झेपेल का, या सगळ्याची उत्तरं हातात असताना त्यांनी निर्णय घेतला. त्यात धाडस नव्हतं असं कुणीच म्हणणार नाही. पण गोष्ट सांगणारा वीस वर्षं गाळतो आणि शेवटचा दिवस तेवढा रंगवून सांगतो. ‘लमाण’ हे त्यांचं आत्मचरित्र बाजारात मिळतं. दाखला देण्याआधी निदान ते चाळावं, एवढीच विनंती.

आणि सोडणाऱ्यांचेच दाखले का द्यायचे? जब्बार पटेल दौंडला लहान मुलांचे डॉक्टर होते, आणि त्याच काळात त्यांनी ‘घाशीराम कोतवाल’ बसवलं, ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ केले. ‘घाशीराम’मधले नाना फडणवीस, म्हणजे मोहन आगाशे, मानसोपचार शिकवत राहिले. अरुण कोलटकर जाहिरातीच्या व्यवसायात ग्राफिक डिझायनर होते आणि ‘जेजुरी’ त्यांनी तिथे असतानाच लिहिलं. यांपैकी कुणाची गोष्ट व्हिडिओत येत नाही, कारण त्यात टेबलावर काही आपटलं जात नाही.

आता थोडं शांतपणे. या गोष्टीमागे दोन समजुती दडलेल्या असतात. पहिली अशी की आवड आपल्या आत कुठेतरी तयार स्वरूपात पडलेली असते, ती फक्त ‘सापडायची’ असते. पॉल ओ’कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग नेमके यावर आहेत. आवड सापडते असं मानणारी माणसं आवडीच्या विषयात अडचण आली की लवकर पाय मागे घेतात, कारण ‘ही खरी आवड असती तर एवढं जड गेलं नसतं’ असं त्यांना वाटतं. आवड करता करता वाढते असं मानणारे तुलनेने टिकून राहतात. म्हणजे ‘आधी आवड शोध, मग बघू’ हा सल्ला देणारा काका नकळत पुतण्याला दुसऱ्या अडथळ्यापाशीच परत फिरायला शिकवत असतो.

दुसरी समजूत अशी की परतीचे दोर कापले की माणूस जिवावर उदार होऊन लढतो. लढाईत होत असेल. पण जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी अमेरिकेतल्या दीर्घकाळच्या पाहणीची आकडेवारी घेऊन २०१४ मध्ये ‘अ‍ॅकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल’मध्ये मांडलेला निष्कर्ष उलटा आहे. आधी नोकरी सांभाळून धंदा सुरू केलेले आणि नंतर नोकरी सोडलेले लोक, थेट नोकरी सोडून धंद्यात उतरलेल्यांपेक्षा जास्त टिकले. धंदा बंद पडण्याची शक्यता त्यांच्यात सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. गंमत म्हणजे हा नोकरी सांभाळणारा रस्ता जास्त करून कोण धरतात, तर जोखमीला घाबरणारे आणि स्वतःबद्दल फारशी खात्री नसणारे. ज्यांना आपण भित्रे म्हणतो, तेच.

अमेरिकेचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, आकडा जसाच्या तसा उचलू नये. पण कारण सगळीकडे सारखं आहे, आणि ते जवळून पाहायचं तर माझ्या ओळखीतला एकजण पुरेल. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. बेकरी काढायची म्हणून वेडा झाला होता, घरी उत्तम पाव भाजायचा, सोसायटीतले लोक वाहवा करायचे. राजीनामा देण्याआधी बायकोने एक अट घातली: सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या एका बेकरीत फुकट राबून बघ. गेला. पहाटे चारला भट्टी, कणीक मळायला यंत्र, त्यामुळे ज्या गोष्टीत त्याला सुख होतं ती गोष्ट तिथे जवळजवळ नव्हतीच. बाकीचा दिवस मैद्याच्या पोत्यांची मोजदाद, न आलेला पोऱ्या, हॉटेलवाल्यांकडची थकलेली बिलं आणि संध्याकाळी परत आलेला शिळा माल. त्यात एका गोष्टीने मात्र तो रंगून गेला. कुठल्या वारी कुठला माल किती उरतो, याची त्याने वही घातली आणि मालकाला सांगून माल वाचवून दाखवला. आज तो त्याच कंपनीत आहे, पण टेस्टिंग सोडून मागणीचे अंदाज बांधणाऱ्या गटात गेलाय. पाव अजून घरीच भाजतो. राजीनामा आधी दिला असता तर हे कळायला त्याला दुकानाची पागडी मोजावी लागली असती.

हर्मिनिया इबारा या अभ्यासिकेने ‘वर्किंग आयडेंटिटी’ या २००३ मधल्या पुस्तकात करिअर बदललेल्या ३९ जणांच्या वाटचाली मांडल्या आहेत. तिचंही हेच म्हणणं आहे: खोलीत बसून ‘मी खरा कोण’ याचा विचार करून जवळपास कुणालाच उत्तर मिळालं नाही, छोटे प्रयोग, नव्या ओळखी, अर्धवेळ कामं यांतून ते हळूहळू घडलं.

मग नोकरी सोडूच नये का? तसंही नाही, आणि इथे दुसऱ्या बाजूचा पुरावा द्यायलाच हवा. स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञाने द्विधा मनःस्थितीतल्या लोकांना संगणकावर नाणं उडवायला लावलं. वीस हजारांवर लोकांनी उडवलं. नोकरी सोडण्यासारख्या मोठ्या प्रश्नांत ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी, जैसे थे राहिलेल्यांपेक्षा जास्त सुखी असल्याचं सांगत होते. म्हणजे महिनोन्‌महिने तळ्यात-मळ्यात करणारे बहुधा गरजेपेक्षा जास्त थांबतात. पण नाणं उडवायला आलेले हे लोक आधीच काठावर येऊन उभे होते, हे विसरू नये. कालच्या मीटिंगमध्ये साहेब ओरडले म्हणून आज रिक्षात बसून राजीनाम्याचा मेल टाइप करणाऱ्याला हा निष्कर्ष लागू नाही.

त्याच्यासाठी वेगळा प्रश्न आहे: नक्की काय बदलायचंय? काम, साहेब, रोजचा दीड तासाचा प्रवास, की फक्त थकवा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची जी व्याख्या केली, तिच्यात तीन खुणा आहेत: गळून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. संघटना याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. पण या तिन्ही खुणा ‘माझं क्षेत्रच चुकलं’ या वाक्याच्या वेशात येतात. तसाच ताण नव्या क्षेत्रातही असेल, तर पगार कमी होऊन त्याच खुणा परत येतील. एमी झेस्नेव्हस्कीने १९९७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर केलेल्या अभ्यासात कार्यालयीन सहायकांचा एक लहान गट होता. पद जवळपास तेच, तरी त्यातले साधारण एक तृतीयांश त्याकडे निव्वळ पोटापाण्याचं साधन म्हणून, तेवढेच बढतीची पायरी म्हणून आणि तेवढेच मनापासूनचं काम म्हणून बघत होते. हे ऐकून मालकवर्गाने ‘बघा, दोष तुमच्या दृष्टीतच आहे’ असं म्हणू नये. साहेब वाईट असेल तर तो वाईटच असतो. पण मग खातं बदलावं, कंपनी बदलावी. थेट व्यवसाय बदलायची गरज नसते.

उरलेले समज एकेका ओळीचे आहेत.

‘चाळिशी उलटली, आता काय!’ अमेरिकेत नवे उद्योग काढणाऱ्यांचं सरासरी वय अझुले आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ४२ निघालं, आणि सगळ्यात वेगाने वाढलेल्या उद्योगांच्या बाबतीत ते ४५ होतं.

‘नोकरी सांभाळून दुसरं काम करायला कुणाची ना नसते.’ असते. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं होतं. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला तर परवानगीशिवाय खासगी धंदा करताच येत नाही. प्रयोग करण्याआधी नेमणूकपत्र कपाटातून काढून वाचा.

‘राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी बुडते.’ नाही. १९७२ च्या कायद्यापासून, सलग पाच वर्षं नोकरी झाली असेल तर राजीनामा दिला तरी ती मिळते. हिशेबात धरला जाणारा पगार ४०,००० आणि नोकरी आठ वर्षांची असेल, तर ४०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ८, म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजार ६०० रुपये. पाच वर्षं पुरी व्हायला सहा महिने उरले असताना तडकाफडकी निघून जाणारे मी पाहिलेत. त्यांच्या स्वाभिमानाला सलाम, हिशेबाला नाही. पीएफ पाच वर्षांच्या आत काढला तर सहसा त्यावर कर लागतो, म्हणून दुसरी नोकरी धरत असाल तर खातं काढू नका, वर्ग करा.

‘शेती घेऊ आणि गावी राहू.’ महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर ‘आपण सगळं बघून घेऊ’ म्हणणाऱ्या एजंटाला इसार देण्याआधी वकिलाला फी द्या.

‘गृहकर्जाचं नंतर बघू.’ पगाराच्या पावत्यांवर बँक चटकन कर्ज देते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याकडे ती सहसा मागच्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते. घर घ्यायचंच असेल तर कोणतं काम आधी करायचं ते ठरवा.

आणि ‘मेडिक्लेम आहे ना कंपनीचा!’ तो कंपनीचा आहे, तुमचा नाही. नोकरी संपली की संपतो. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे नोटीस पीरियड चालू असतानाच एचआरला विचारा. शेवटच्या दिवशी ते केक कापण्याच्या गडबडीत असतात.